मंडईपुढे दोन तास: शहर जागेवर बसून रेखाटू पाहणाऱ्यांसाठी

शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षा दिलेली, त्यात मिळालेली श्रेणी अजूनही कौतुकाने सांगणारी आणि त्यानंतर वीस वर्षांत ब्रशला हात न लावलेली माणसे महाराष्ट्रात घरोघर आढळतात. हा लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे. परीक्षेतील स्मरणचित्रात आपण बाजार आठवणीने काढत असू: तीन छत्र्या, दोन टोपल्या, मागे देवळाचा कळस आणि कागद रिकामा राहिलाच तर डोंगर. शहर जागेवर बसून रेखाटताना असे काही भरून काढावे लागत नाही. समोर कागदात मावेल त्याच्या शंभरपट ऐवज असतो आणि त्यातले बहुतेक सर्व सोडून द्यावे लागते. नवख्या माणसाची खरी अडचण हात बसलेला नसणे ही नसून काय सोडावे हे न कळणे ही असते, म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर मी त्याचाच विचार करणार आहे.

या छंदाला आज जगभर ‘अर्बन स्केचिंग’ म्हणतात. सिॲटलमधील पत्रकार आणि चित्रकार गॅब्रिएल कॅम्पानारियो यांनी २००७ साली अशी चित्रे काढणाऱ्यांना इंटरनेटवर एकत्र आणण्यास सुरुवात केली आणि त्यातून ‘अर्बन स्केचर्स’ ही संस्था उभी राहिली. तिचे नियम थोडके आहेत. चित्र प्रत्यक्ष जागेवर, समोर पाहून काढावे. फोटोवरून काढू नये. जे दिसले त्याच्याशी प्रामाणिक राहावे. आपल्याकडे हे काम या नावाच्या पुष्कळ आधीपासून होत आले आहे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान रंकाळ्याच्या परिसरात वर्षानुवर्षे निसर्गचित्रे रंगवीत राहिले, आणि कला महाविद्यालयांतील मुले आजही भल्या सकाळी बोर्ड काखेत मारून ‘स्पॉटवर’ जातात. मात्र त्यासाठी महाविद्यालयात शिकलेले असण्याची गरज नाही.

उदाहरणासाठी मी पुण्याची महात्मा फुले मंडई घेतो, कारण तेथे मी सर्वांत जास्त वेळा चुकलो आहे. १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणून ही दगडी, गॉथिक वळणाची इमारत उघडली गेली. मध्यभागी अष्टकोनी मनोरा आणि त्याभोवती पसरलेले पंख अशी तिची रचना आहे. आता भुयारी मेट्रोचे स्थानकही मंडईलाच असल्याने पार्किंगची विवंचना उरलेली नाही. मंडई पहिल्याच दिवशी अख्खी काढायला घेऊ नये. परंतु तिचा एक कोपरा कोणालाही जमेल, आणि तेथे जे शिकायला मिळते ते वाई, पैठण किंवा परळ अशा कोणत्याही ठिकाणी उपयोगी पडते.

साहित्य: पिशवी किती हलकी असावी

पहिल्या महिन्यात खरेदीचा मोह आवरावा. ‘ए५’ आकाराची, म्हणजे साधारण शाळेच्या छोट्या वहीएवढी, जाड पुठ्ठ्याची स्केचबुक घ्यावी. कागद किमान १५० ते २०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) असावा. पेन आणि हलका रंग यांना तो पुरतो, त्याहून पातळ कागद पाणी लागताच वेटोळा होतो. ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद उत्तमच, परंतु तो महाग असल्यामुळे नवखा माणूस त्यावर बिचकत बिचकत काम करतो, आणि बिचकत काढलेली रेष लांबून ओळखू येते. पुण्यातील वाचकांना शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचे कागद ठाऊक असतीलच. ते हाताळायला सुखद असतात, पण हातकागद शोषक निघाला तर त्यावर पेनाची शाई फुटते, म्हणून एखादा तुकडा आधी पाहून मगच घ्यावा.

एक २बी पेन्सिल, ०.३ आणि ०.५ जाडीची दोन पेने, दोन क्लिपा, पाण्याची छोटी बाटली, जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा फडका, टोपी आणि एक फूटभर उंचीचे घडीचे स्टूल एवढे सामान पुरते. पेनाची शाई पाण्याने न पसरणारी आहे याची खात्री घरी करून घ्यावी. एका दुकानात ‘हे वॉटरप्रूफच आहे’ असे सांगून मला दिलेल्या पेनाने मी विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग सव्वा तास खपून काढला होता. पहिला रंगाचा हात फिरताच सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकाराच्या, खांबांचे काळे ओघळ तळापर्यंत उतरले. तेव्हापासून प्रत्येक नव्या पेनाने मी कोऱ्या कागदावर दहा रेघा ओढतो, पाच मिनिटे थांबतो आणि ओला ब्रश त्यांवरून फिरवतो. फाउंटन पेन वापरायचे असेल तर त्यात साधी इंडिया इंक कधीही भरू नये. तिच्यातील लाखेसारख्या द्रव्यामुळे ती वाळून निबेच्या मागची नळी कायमची चोंदते. फाउंटन पेनासाठी बनवलेली जलरोधक शाई वेगळी मिळते.

रंगांच्या डबीत सात-आठ रंग पुरेत: लेमन यलो, यलो ऑकर, लाइट रेड, क्रिमसन, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, सेरुलिअन आणि हवाच असेल तर सॅप ग्रीन. दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेल्या कॅम्लिनच्या वड्यांवर आपल्यापैकी बहुतेकांचा हात शाळेतच बसलेला असतो. त्याच वड्यांनी सुरुवात करण्यात कमीपणा नाही. काळा रंग मात्र डबीतून काढून ठेवावा. तो का, हे पुढे रंगांच्या भागात येईल.

वेळ आणि बैठक

मंडईला सकाळी साडेसातच्या सुमारास पोहोचावे. साडेनऊपर्यंत ऊन तिरपे असते, म्हणजे इमारतीची एक बाजू उजेडात आणि दुसरी सावलीत स्पष्ट दिसते. बाराच्या उन्हात सर्व काही सपाट होते आणि चित्रकार स्वतःही तापतो. पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत सोयीचे आहेत. एप्रिल-मे महिन्यांत रंग ब्रशवरच वाळू लागतो, तर जुलैत पानावरचे पाणी अर्धा अर्धा तास हलत नाही. पावसाळ्यात म्हणून मी पेन्सिल आणि पेन एवढेच नेतो आणि चहाच्या दुकानाच्या फळीखाली किंवा एखाद्या वाड्याच्या ओट्यावर आसरा घेतो. घरमालकाला विचारल्यावर ओटा नाकारला गेल्याचे मला एकदाही आठवत नाही.

पोहोचल्याबरोबर स्टूल उघडू नये. दहा मिनिटे हात मोकळे ठेवून फिरावे. बसण्याची जागा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. आपली वही सावलीत राहील का, कारण उन्हात पांढरा कागद डोळे दिपवतो आणि मग सर्व रंग फिके वाटून आपण ते नको तितके गडद करून बसतो. पाठीमागे भिंत, खांब किंवा झाड आहे का, कारण पाठीशी माणसे उभी राहिली की पहिल्या काही वेळा हात आखडतो. आणि तिसरी, जी बहुतेक लोक विसरतात, ती म्हणजे आपण कोणाच्या धंद्याच्या वाटेत तर येत नाही ना. भाजीवाल्याची सकाळची भवानी व्हायची असताना त्याच्या गाळ्यासमोर स्टूल मांडून बसणे हा उद्धटपणा आहे. हातगाडी वळते ती जागा, पाण्याचा नळ आणि हमाल ज्या वाटेने पोती नेतात ती वाट मोकळी ठेवावी. शंका असेल तर शेजारच्या विक्रेत्याला ‘मावशी, इथं तासभर बसलं तर चालेल का?’ असे सरळ विचारावे. अशा विचारण्याने जागा तर मिळतेच, शिवाय ती मावशी पुढचा तासभर आपल्या पाण्याच्या डब्याला कोणाचा पाय लागू देत नाही.

काही जागा नवख्याने टाळाव्यात. लष्करी हद्द, पोलिस चौकी, न्यायालयाचे आवार, विमानतळ अशा ठिकाणी वही उघडल्यास विचारणा होते आणि ती होणे रास्तही आहे. रेल्वे स्थानकाच्या आतही विचारूनच बसावे. कोणी अधिकाराने ‘उठा’ म्हटले तर वाद न घालता रस्त्याच्या पलीकडे जावे. शनिवारवाड्याच्या आत तिकीट काढून जाता येते, पण नवख्याला आत जाण्याची गरजच नाही, कारण दिल्ली दरवाजा बाहेरच्या पटांगणातूनच चांगला दिसतो.

आधी आगपेटीएवढी चित्रे

आता वहीच्या एका पानावर आगपेटीच्या आकाराच्या तीन चौकटी काढाव्यात. प्रत्येक चौकटीत तीन-चार मिनिटांत फक्त मोठे आकार बसवावेत: आकाश कुठे, इमारतीचा गठ्ठा कुठे, सावली कुठे, माणसांची पट्टी कुठे. तपशील नाही, खिडक्या नाहीत, चेहरे नाहीत. पहिली चौकट आडवी, दुसरी उभी, तिसरी एखाद्याच गोष्टीवर रोखलेली अशी ठेवली तर फरक लगेच कळतो. मंडईत माझ्या आडव्या चौकटीत नेहमी सर्व काही येते आणि तीच सर्वांत कंटाळवाणी निघते. उभ्या चौकटीत मनोऱ्याचा वरचा भाग आणि खाली दोनच विक्रेते येतात, आणि चित्र तेथेच सापडते.

चौकट निवडल्यावर तिच्याशेजारी एक वाक्य लिहावे, उदाहरणार्थ ‘मनोऱ्याची सावली भाजीवर पडली आहे’. पुढच्या दीड तासात जी गोष्ट या वाक्यात बसत नाही ती काढायची नाही. विजेच्या तारा, फलक, उभ्या केलेल्या दुचाक्यांची रांग, समोरच्या इमारतीची जाळी हे सर्व डोळ्यांना दिसणारच आहे. त्यातली एखादी दुचाकी ठेवावी, म्हणजे रस्ता आजचा वाटेल. बावीसच्या बावीस काढू नयेत. हे वाक्य लिहिण्याचा आळस मी वर्षानुवर्षे केला आणि त्याचा पुरावा म्हणून अर्धवट सोडलेल्या पानांच्या चार वह्या माझ्या कपाटात आहेत.

नेत्रपातळी: सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा

पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचे-लांबचे अंतर सपाट कागदावर दाखवण्याची रीत, हा शब्द ऐकताच लोकांना भूमितीचा तास आठवतो. प्रत्यक्षात जागेवर लागणारे पर्स्पेक्टिव्ह एका आडव्या रेषेवर उभे असते. आपले डोळे जमिनीपासून जेवढ्या उंचीवर आहेत तेवढ्या उंचीवर समोर एक अदृश्य पातळी आहे असे समजावे. पेन्सिल डोळ्यांसमोर आडवी धरली की ती ज्या ठिकाणांवरून जाते ती ही नेत्रपातळी. ती कागदावर अगदी हलक्या हाताने, सर्वांत आधी आखावी.

त्या रेषेच्या वरच्या ज्या कडा आपल्यापासून दूर जातात त्या उतरत जाऊन रेषेकडे येतात, आणि खालच्या कडा चढत जाऊन तिच्याकडे येतात. पन्हळ, सज्जा, कमानींची सुरुवात या वरच्या कडा असतात. ओट्याची धार आणि फरशीच्या रेघा खालच्या. कडा नेत्रपातळीपासून जितकी दूर तितका तिचा तिरपेपणा अधिक. नवख्यांच्या चित्रात इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते, त्याचे कारण बहुधा एवढेच असते की सर्वांत वरची पन्हळ आणि दारावरची पट्टी दोन्ही सारख्याच तिरप्या काढलेल्या असतात.

माणसांच्या बाबतीत ही रेषा फारच कामाची ठरते. आपण उभे राहून चित्र काढत असलो आणि जमीन सपाट असली, तर साधारण आपल्याच उंचीची सर्व उभी माणसे, जवळची काय आणि लांबची काय, डोक्याने त्याच रेषेला टेकतात. फरक फक्त पायांचा पडतो. जवळच्या माणसाचे पाय पानाच्या खालच्या कडेपर्यंत येतात, लांबच्याचे रेषेपासून बोटभर खालीच संपतात. आपण फूटभर उंचीच्या स्टुलावर बसलो की डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर येतात आणि तीच रेषा सर्व उभ्या माणसांच्या कंबरेतून जाते. जमिनीवर पोते पसरून बसलेल्या विक्रेत्यांची डोकी मात्र रेषेच्या थोडी खाली राहतात. एवढे लक्षात ठेवले तर गर्दीतील माणूस हवेत तरंगत नाही किंवा खड्ड्यात उभा असल्यासारखा दिसत नाही.

मंडईच्या मनोऱ्याची अडचण वेगळी आहे. अष्टकोनाची एक बाजू बरोबर आपल्यासमोर असेल तर तीन बाजू दिसतात, आणि नवखा माणूस त्या तिन्ही सारख्या रुंदीच्या काढतो. मग मनोरा उलगडलेल्या पुठ्ठ्यासारखा सपाट होतो. वस्तुतः मधली बाजू १० मानली तर शेजारच्या दोन बाजू प्रत्येकी सुमारे ७ दिसतात. आपण अष्टकोनाच्या कोपऱ्यासमोर बसलो असू तर चार बाजू दिसतात: मधल्या दोन रुंद, आणि कडेच्या दोन त्यांच्या निम्म्याहूनही अरुंद. हे आकडे पाठ करण्याची गरज नाही. हात कोपरात न वाकवता पूर्ण लांब करावा, एक डोळा मिटावा, पेन्सिलीवर अंगठ्याने मधल्या बाजूची रुंदी धरावी आणि मग तीच पेन्सिल शेजारच्या बाजूवर न्यावी. कोपर वाकले की माप बदलते, म्हणून हात प्रत्येक वेळी तेवढाच ताणलेला हवा. त्यानंतर मनोऱ्याच्या आडव्या पट्ट्या काढताना मधल्या बाजूवर त्या जवळपास आडव्या आणि दोन्ही बाजूंना कलत्या काढाव्यात, आणि जसजसे वर जाल तसतसा कल वाढवावा. छपराखालच्या पट्टीचा कल पाहिला की मनोरा एकदम गोलाई घेऊन उभा राहतो. ही जादू पहिल्यांदा कागदावर झाली तेव्हा शेजारी लसूण निवडत बसलेल्या बाईंनाही मी ती दाखवली होती. त्यांना विशेष काही वाटले नाही. मनोरा त्या रोजच पाहतात.

पेन्सिल, मग पेन

पेन्सिलीला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नये. नेत्रपातळी, इमारतीची उंची-रुंदी, मनोऱ्याचा मध्य, सावलीची कड आणि दोन-तीन मुख्य माणसांच्या जागा एवढेच खुणावे. सावलीची कड सुरुवातीलाच आखणे महत्त्वाचे, कारण तासाभरात ऊन सरकते. त्यानंतर ऊन कुठेही गेले तरी आपण आखलेली सावलीच खरी मानावी. मध्येच सावली बदलणाऱ्याच्या चित्रात दोन सूर्य असतात.

पेनाने सुरुवात जवळच्या वस्तूपासून करावी: आधी पुढची टोपली, तिच्यामागचा माणूस, त्याच्यामागचा खांब. यामुळे पुढच्या वस्तूंतून मागच्या रेघा आरपार जात नाहीत आणि खोडरबर पिशवीतच राहतो. जवळच्या रेषा जाड, दूरच्या बारीक ठेवाव्यात. दूरच्या काही रेषा तर मध्येच तुटू द्याव्यात. दगडी भिंतीचा प्रत्येक दगड काढण्याचा हव्यास धरू नये. जेथे ऊन आणि सावली भेटतात तेथे सात-आठ दगड नीट काढले की उरलेली भिंत पाहणारा स्वतः बांधून घेतो. चुकलेली रेष खोडू नये. तिच्याशेजारी बरोबर रेष काढून पुढे जावे.

हलणारी माणसे

माणूस स्थिर बसेल अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे, परंतु बाजारात काम करणारा माणूस एकच हालचाल पुन्हा पुन्हा करतो. तराजू उचलणारा हात दर दोन मिनिटांनी त्याच जागी परत येतो. म्हणून एका माणसाचे एकच क्षणचित्र टिपण्याऐवजी त्या हालचालीची ठरावीक स्थिती निवडावी आणि ती परत येईपर्यंत दुसरे काही काढत राहावे. रस्त्याने जाणाऱ्यांसाठी आधी डोके, मग खांद्यांचा कल, मग ज्या पायावर भार आहे तो पाय अशा तीनच खुणा कराव्यात. डोके लहान काढावे. नवख्यांची डोकी हटकून मोठी होतात. उभ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण सात ते साडेसात पट असते.

एका सकाळी मी लिंबे विकणाऱ्या एका मावशींना रेखाटत होतो. पाऊण तासाने त्या उठून माझ्या मागे आल्या, वहीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘भाऊ, माझं सगळं बरोबर आहे, पण तराजू असा नसतो. पारडं तीन साखळ्यांनी टांगतात, तुम्ही दोनच काढल्यात. असल्या पारड्यात लिंबं टिकतील का?’ मी तोवर तो तराजू किमान पन्नास वेळा पाहिला होता आणि एकदाही साखळ्या मोजल्या नव्हत्या. हाताने आठवणीतला तराजू काढला होता, म्हणजे पुन्हा स्मरणचित्रच. तेव्हापासून ज्या वस्तूवर चित्राची भिस्त आहे, ती वस्तू काढण्यापूर्वी मी तिची बांधणी पाहून घेतो: कशाला काय टांगले आहे, कशावर काय टेकले आहे, भार कुठून कुठे जातो. हातगाडीची चाके, छत्रीच्या काड्या, ताडपत्रीला ताणणाऱ्या दोऱ्या हे सर्व एकदा असे समजून घेतले की पुढच्या वेळी चार रेघांत येते.

कोणाचा चेहरा ओळखू येईल इतका जवळून काढायचा असेल तर आधी विचारावे. काढून झाल्यावर चित्र दाखवावे. नकार आल्यास पान उलटावे. ‘आमचं पण काढा’ म्हणत मुले जमली तर एकाचे दोन मिनिटांत काढून त्याला पान फाडून द्यावे. मात्र दुसऱ्याचे सुरू केले की सकाळ गेली.

रंग: दगड, ताडपत्री आणि कोरा कागद

जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. म्हणून रंगाची पहिली पायरी म्हणजे काय रंगवायचे नाही हे ठरवणे. उन्हातील गांधी टोपी, मुळ्याच्या जुड्या, तराजूच्या पितळी पारड्यावरची चकाकी या जागांवर पेन्सिलीने बारीक टिंब देऊन ठेवावे, म्हणजे घाईत ब्रश त्यांवरून फिरणार नाही.

त्यानंतर मोठा ब्रश घेऊन फिक्या रंगाचा पहिला हात द्यावा, वरून खाली, भरपूर पाण्याने. तो पूर्ण वाळू द्यावा. बोटाच्या मागच्या बाजूला कागद गार लागत असेल तर तो अजून ओला आहे. दुसरा हात फक्त सावलीचा. इमारतीची सावली, माणसांच्या अंगावरची सावली आणि जमिनीवरची सावली एकाच मिश्रणाने, शक्यतो न थांबता जोडत न्यावी. वेगवेगळ्या वस्तूंच्या सावल्या तुटक रंगवल्या की चित्राच्या चिंध्या होतात. तिसऱ्या हातात दारांच्या आतला अंधार, छत्र्यांखालचा काळोख असे मोजके गडद ठिपके द्यावेत आणि ब्रश धुऊन टाकावा.

आता काळ्या रंगाविषयी. दख्खनचा बेसाल्ट बोलण्यात काळा पाषाण असला तरी उन्हात तो काळा दिसत नाही. सकाळी त्यात तांबूस झाक असते आणि सावलीत निळसर. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणात हे दोन्ही मिळते: सिएना वाढवला की उन्हातील दगड, अल्ट्रामरीन वाढवला की सावलीतील. दोन्ही रंग डबीत पूर्ण न मिसळता थोडेफार कागदावरच एकमेकांत उतरू द्यावेत, म्हणजे दगडाचा पोत आपोआप येतो. डबीतला काळा लावला तर तीच भिंत डांबर फासल्यासारखी होते. मुंबईत फोर्टच्या इमारतींमध्ये मालाडचा पिवळसर दगड भेटतो. तेथे यलो ऑकरने सुरुवात करून सावलीत क्रिमसन आणि अल्ट्रामरीनचे जांभळट मिश्रण द्यावे. कोकणात जांभा असेल तर लाइट रेड आणि बर्न्ट सिएना घ्यावेत, आणि पावसाळ्यात त्यावर चढलेल्या शेवाळासाठी थोडा सॅप ग्रीन ओल्यातच सोडावा.

मंडईत एक गोष्ट मुद्दाम पाहण्यासारखी आहे. निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या माणसाचा पांढरा सदरा पांढरा राहत नाही, तो फिका निळा होतो, आणि त्याच्यापुढचे टोमॅटो जांभळ्याकडे झुकतात. ताडपत्रीबाहेर सांडलेला एखादा टोमॅटो मात्र लालभडक असतो. मनाला ठाऊक असलेला लाल रंग दोन्हीकडे सारखाच लावला तर ताडपत्रीची सावली नाहीशी होते. मी आधी ताडपत्रीखालच्या सर्व वस्तूंवर सेरुलिअनचा अगदी पातळ हात देऊन तो वाळू देतो आणि मगच प्रत्येक वस्तूचा रंग चढवतो.

थांबणे, आणि पुढची सकाळ

दोन तासांनंतर चित्र पुढे जात नाही, फक्त जड होते. जागेवर अपुरे वाटलेले चित्र घरी नेऊन फोटो पाहत पुरे करण्याचा मोह होईल. तसे करू नये. अपुरा कोपरा अपुरा ठेवावा, आणि पाहिजे असल्यास नवे चित्र काढण्यासाठी त्याच जागी परत जावे. उठण्यापूर्वी पानाच्या कोपऱ्यात जागा, तारीख, वेळ आणि एखादी ऐकलेली गोष्ट लिहावी. बसलेली जागा झाडून घ्यावी. रंगाचे पाणी कोणाच्या भाजीकडे वाहणार नाही अशा ठिकाणी ओतावे, आणि ज्यांच्या शेजारी बसलो त्यांच्याकडून पावशेर काहीतरी घ्यावे.

एकट्याला संकोच वाटत असेल तर मुंबई-पुण्यात रविवारी एकत्र जमून स्केचिंग करणारे गट आहेत, त्यांच्याबरोबर जावे. शेवटी सर्व वह्या जमिनीवर ओळीने मांडून पाहण्याची त्यांच्यात रीत असते. एकाच चौकाची पंधरा चित्रे शेजारी शेजारी ठेवली की प्रत्येकाने काय सोडले ते लख्ख दिसते, आणि नवख्याला त्याचा फायदा कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक होतो. पणजीत फोंतेन्हाससारख्या वस्तीत जाणार असाल तर तेथली रंगीत घरे राहती आहेत याचे भान ठेवावे आणि कोणाच्या बलकांववर, म्हणजे घरापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, न विचारता टेकू नये.

मंडईनंतरची जागा म्हणून विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग घ्यावा. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्याचे लाकडी नक्षीकाम इतके भरगच्च आहे की अख्खा दर्शनी भाग काढायला बसलेला माणूस रडकुंडीला येतो. समोरच्या पदपथावर बाजीराव रस्त्याची वर्दळ असल्यामुळे स्टूल नेऊ नये, भिंतीला टेकून उभ्यानेच काढावे. नेत्रपातळी आता वर सरकलेली असेल हे विसरू नये, आणि पहिल्या दिवशी एकच सुरूदार खांब, त्याच्यावरची कमान आणि खाली उभा असलेला एखादा माणूस एवढेच घ्यावे.